नगरपरिषदेचा फॉर्म पहिल्यांदा टाकताय? मतदार यादीपासून सुरुवात करा

१० नोव्हेंबर २०२५ ला नगरपरिषदांचे अर्ज घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा काटोल-नरखेडकडे अंबिया बहाराची संत्री तोडणीला आली होती. दिवसभर वाडीत पेट्या भरायच्या आणि संध्याकाळी निवडणुकीचं बोलायचं, असं आठवडाभर चाललं होतं. माझ्या मामेबहिणीनेही त्या वेळी फॉर्म टाकला. गल्लीतली प्रत्येक काकू तिला नावाने हाक मारते. बचत गटाचं काम तिने दहा वर्षं केलंय. छाननीत तिचा फॉर्म उडाला, कारण तिच्या एका सूचकाचं, म्हणजे अर्जावर तिचं नाव सुचवून सही करणाऱ्या मतदाराचं, नाव शेजारच्या प्रभागाच्या यादीत होतं. घर समोरासमोर, मधून फक्त रस्ता गेलेला. प्रभागांची हद्द त्याच रस्त्यावरून गेली होती आणि ते कुणीच तपासलं नव्हतं.

मी नागपुरात तहसील कचेरीसमोर अर्ज आणि शपथपत्रं टाइप करून देण्याचं काम पंधरा वर्षं केलं. त्या टेबलावर बसून एक गोष्ट पाहिली. नवख्या माणसाची निवडणूक प्रचाराआधीच, कागदांवर अडकते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. कामठी, उमरेड, रामटेक, सावनेर, कळमेश्वर, मोहपा, खापा, वाडी, बुटीबोरी अशा कुठल्याही गावात पहिल्यांदा उभं राहायचं ज्यांच्या मनात आहे, विशेषतः ज्या बायांना घरच्यांनी "उभी राहा, बाकी आम्ही बघतो" असं सांगितलंय, त्यांच्यासाठी.

आधी घड्याळ समजून घ्या

आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक जुन्या नगरपरिषदांची आधीची निवडणूक ८ जानेवारी २०१७ ला झाली होती. त्यानंतर थेट २०२५. इतकी वर्षं वाट पाहिली आणि शेवटी कार्यक्रम कसा आला पाहा. ४ नोव्हेंबरला घोषणा, १० ते १७ नोव्हेंबर अर्ज, १८ ला छाननी, २१ पर्यंत माघार, २६ ला चिन्हवाटप आणि २ डिसेंबरला मतदान. घोषणेपासून अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत दोन आठवडेसुद्धा मिळाले नाहीत. या दोन आठवड्यांत जात पडताळणी होत नाही. घरपट्टीचा जुना वाद मिटत नाही. आधार कार्डावर एक नाव आणि यादीत दुसरं असेल तर तेही जुळत नाही. त्यामुळे पुढची सार्वत्रिक निवडणूक असो की मधली पोटनिवडणूक, कार्यक्रम जाहीर व्हायच्या आधीच निम्मे कागद फाइलमध्ये असायला हवेत.

ही निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतं. लोकसभा-विधानसभा घेणारा भारत निवडणूक आयोग वेगळा आणि हा वेगळा. कायदा आहे महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. यूट्यूबवर विधानसभेच्या अर्जाची माहिती बघून नगरपरिषदेचा अर्ज भरू नका. पुष्कळ गोष्टी सारख्या वाटतात, पण नमुने, खर्चाच्या मर्यादा आणि अपिलाची वाट वेगळी आहे.

यादीत आपलं नाव

नगरपरिषदेची मतदार यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांप्रमाणे तोडली जाते. २०२५ मध्ये १ जुलै २०२५ ची विधानसभा यादी धरली होती. म्हणजे त्या तारखेपर्यंत ज्याचं नाव विधानसभेच्या यादीत नव्हतं, त्याने नोव्हेंबरमध्ये कितीही धावपळ केली तरी उपयोग नव्हता. प्रारूप यादीवर हरकती घेता येतात, पण त्या मुख्यतः "माझं नाव चुकीच्या प्रभागात गेलं" अशा स्वरूपाच्या. नवीन नाव घालण्याचं काम तिथे होत नाही. ते विधानसभेच्या नोंदणीतच करून ठेवावं लागतं.

उमेदवाराला २१ वर्षं पूर्ण हवीत आणि त्याच शहराच्या यादीत नाव हवं. ज्या प्रभागातून लढायचं त्याच प्रभागात नाव असण्याची सक्ती नाही. तुम्ही प्रभाग ३ चे मतदार असाल तर प्रभाग ७ मधूनही उभे राहू शकता. मात्र मग स्वतःच्या नावाच्या पानाची प्रमाणित प्रत अर्जाला जोडा. सूचक मात्र ज्या प्रभागातून लढताय त्याच प्रभागाचा मतदार हवा. माझ्या बहिणीचं इथेच फसलं.

यादी हाती आली की प्रभाग क्रमांक, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक एका वहीत लिहून ठेवा. स्वतःचे आणि सगळ्या संभाव्य सूचकांचेही. नावापुढे दोन तारे दिसले तर ते नाव दुबार असल्याची खूण आहे. २०२५ मध्ये अशी खूण केली होती. सूचकाच्या नावापुढे ती असेल तर दुसरा सूचक बघा.

कामठीकरांसाठी एक वेगळी सूचना. छावणीचा भाग कामठी नगरपरिषदेत येत नाही. तिथे छावणी परिषद आहे. घर त्या हद्दीत असेल तर आधी तेवढं स्पष्ट करून घ्या.

कोणती जागा, कोणतं आरक्षण

नगरपरिषदेत साधारणपणे एका प्रभागातून दोन सदस्य निवडले जातात. त्या जागांना 'अ' आणि 'ब' म्हणतात. एखाद्या प्रभागात 'क'सुद्धा असते. नगरपंचायतीत एका प्रभागातून एकच सदस्य. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो.

'अ' आणि 'ब' या दोन पूर्णपणे वेगळ्या लढती आहेत. 'अ' जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी आणि 'ब' सर्वसाधारण असेल, तर 'अ'चा उमेदवार 'ब'च्या उमेदवाराशी लढत नाही. अर्जावर प्रभाग क्रमांकाबरोबर जागेचं अक्षरही अचूक लिहा. आणि हे नीट लक्षात घ्या, सर्वसाधारण जागेवर कोणीही उभं राहू शकतं. बाईसुद्धा. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात म्हणून बायांनी तेवढ्याच जागांवर बोलावं, असा गैरसमज आपल्याकडे फार रुजला आहे. "आपल्या वॉर्डात लेडीज सीट नाही ना जी" असं सांगून चांगल्या कामाच्या बाईला मागे बसवलेलं मी किती वेळा पाहिलं. सीट सर्वसाधारण असेल तर ती तुमचीही आहे.

अपात्रतेची चाळणी

पुढच्या चार गोष्टी घरी बसून, एकमेकांपासून न लपवता तपासा. विरोधकाचा माणूस छाननीच्या टेबलावर नेमकं हेच काढणार आहे.

पहिली, अपत्यांची संख्या. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यं दोनपेक्षा जास्त होत असतील तर अपात्रता येते. त्या तारखेआधीच तीन मुलं असतील तर हरकत नाही. एक मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात जुळी किंवा तिळी झाली, तर ती एकच धरली जातात. तिसरं मूल दत्तक देऊन सुटका होत नाही. शाळेचे दाखले आणि जन्मदाखले विरोधक मिळवतातच. इथे खोटं शपथपत्र केलं तर निवडून आल्यावरही पद जातं आणि फौजदारी तक्रार वेगळी होते.

दुसरी, थकबाकी. नगरपरिषदेने बिल देऊनही घरपट्टी किंवा पाणीपट्टी थकलेली असेल तर ते अपात्रतेचं कारण होतं. घर सासऱ्यांच्या नावावर असो की दिराच्या, कर भरून थकबाकी नसल्याचा दाखला काढून ठेवा. पावती हाताशी असू द्या. पैसे भरले आणि नोंद व्हायची राहिली, असं छोट्या कार्यालयात होतं.

तिसरी, ठेका. नगरपरिषदेच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर लढता येत नाही. नवरा, दीर किंवा भागीदारीतली फर्म नाल्यांची किंवा रस्त्यांची कामं घेत असेल, तर फॉर्म टाकायच्या आधी वकिलाचा सल्ला घ्या. या मुद्द्यावर माझं काही चालत नाही, प्रत्येकाचे कागद वेगळे असतात.

चौथी, शौचालय. घरी शौचालय आहे आणि त्याचा वापर होतो, याचं प्रमाणपत्र किंवा घोषणापत्र लागतं. हे विसरणारे पुष्कळ आहेत. वाडी-बुटीबोरीकडे भाड्याने राहणाऱ्यांनी घरमालकाशी आधीच बोलून ठेवावं.

जातवैधता: सगळ्यात लांब रस्ता

राखीव जागेवर उभं राहायचं तर जातीचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र दोन्ही लागतात. वैधता अजून मिळालेली नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि हमीपत्र देऊन अर्ज भरता येतो. २०२५ च्या निवडणुकीत निवडून आल्यापासून ६ महिन्यांत वैधता प्रमाणपत्र देणं बंधनकारक होतं. ते दिलं नाही तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द होते, म्हणजे ती व्यक्ती कधी सदस्य झालीच नव्हती असं धरलं जातं. लोकांनी मत दिलं, गुलाल उधळला, आणि सहा महिन्यांनी खुर्ची गेली. हे फार वाईट असतं. त्या प्रभागाचंही नुकसान होतं.

नागपूरला ही समिती श्रद्धानंदपेठेतल्या सामाजिक न्याय भवनात आहे. अनुसूचित जमातींची पडताळणी समिती वेगळी आहे. पुरावे जुने लागतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे. आपल्याकडे यासाठी सगळ्यात कामाचा कागद म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल. आजोबा-पणजोबांच्या जन्ममृत्यूची नोंद त्यात जातीसकट सापडते. त्यानंतर शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाड आणि नंतर मध्य प्रदेशात होतं, म्हणून पुष्कळ जुन्या नोंदी हिंदीत आहेत. नावाचं स्पेलिंग, जातीच्या नावाचं हिंदी रूप, यांत फरक दिसला तर घाबरू नका, पण तो फरक समजावून सांगणारं शपथपत्र जोडा.

लग्न झालेल्या बायांसाठी इथे एक मोठी अडचण असते. जात माहेरची धरली जाते. वडील, आजोबा, काका यांचे पुरावे लागतात. दाखल्यावर माहेरचं नाव, मतदार यादीत सासरचं, आधारवर तिसरंच. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद असेल तर हा धागा जुळतो. माहेरी फोन करायला लाजू नका. भावाची किंवा चुलत भावाची वैधता आधीच झालेली असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. ती प्रत मागून घ्या. निवडणुकीला दोन वर्षं असताना हे काम सुरू करा असं मी प्रत्येकीला सांगते.

अर्ज आणि शपथपत्र

२०२५ मध्ये अर्ज आणि शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचं, त्याची प्रत काढायची, सह्या करायच्या आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायची अशी पद्धत होती. शेवटच्या दिवसांत कागदी अर्ज घ्यायलाही मुभा दिली गेली आणि १६ नोव्हेंबरच्या रविवारीही अर्ज घेतले. पण अशा सवलतीच्या भरवशावर राहू नये. नोंदणी करून लॉगिन तयार ठेवा, माहिती आधी कच्च्या कागदावर लिहा आणि पहिल्या तीन दिवसांत भरा. सायबर कॅफेत भरत असाल तर पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा, दुकानदाराच्या भरवशावर ठेवू नका.

शपथपत्रात तुमच्यावरचे गुन्हे, तुमची आणि कुटुंबाची मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण लिहावं लागतं. इथे एकच नियम जन्मभर लक्षात ठेवा. एकही रकाना कोरा सोडायचा नाही. सोनं नाही, गाडी नाही, गुन्हा नाही, तर 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच स्पष्ट केलंय की रकाने कोरे ठेवून दिलेलं शपथपत्र मतदाराचा माहितीचा हक्क डावलतं आणि त्यावरून अर्ज नाकारता येतो. आडवी रेघ मारणंही मी टाळते. रेघेचा अर्थ काय, यावर वाद घालता येतो. 'निरंक'वर घालता येत नाही.

आणि ताई, आपलं शपथपत्र स्वतः वाचा. नवऱ्याने भरलं, मुलाने टाइप केलं, वकिलांनी बघितलं, तरी सही तुमची आहे. आपल्या नावावर किती एकर शेत आहे, सोसायटीचं कर्ज किती, हे बायांना पहिल्यांदा या शपथपत्रामुळे कळलेलं मी पाहिलंय. ते कळणं चांगलंच आहे. त्या खोलीत अधिकाऱ्याने काही विचारलं तर उत्तर तुम्हाला देता आलं पाहिजे.

एका जागेसाठी चार अर्जांपर्यंत भरता येतात. निदान दोन भरा, वेगवेगळे सूचक घेऊन. एकात चूक निघाली तरी दुसरा टिकतो. अनामत एकदाच भरायची असते. मागास प्रवर्ग आणि महिला उमेदवारांसाठी ती निम्मी असते. पावती फाइलला लावा. निवडणूक खर्चासाठी बँकेत वेगळं खातं उघडावं लागतं. ते कार्यक्रम जाहीर झाल्या दिवशीच उघडा, कारण त्या आठवड्यात बँकेतही गर्दी असते.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनला दार बंद होतं. तीनच्या आत जे कार्यालयात आहेत त्यांचेच अर्ज घेतले जातात. मिरवणूक काढायची असेल तर काढा, पण फाइल घेतलेला माणूस मिरवणुकीच्या पुढे पोहोचलेला असू द्या.

सूचक

सूचक म्हणजे तुमच्या अर्जाचा साक्षीदार. अपक्षाला पक्षाच्या उमेदवारापेक्षा जास्त सूचक लागतात. नेमक्या संख्येवर थांबू नका, दोघे-तिघे जास्तीचे तयार ठेवा. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. तुमचं नाव याच प्रभागात आहे का? यादीत जसं आहे तशीच सही कराल का? दुसऱ्या कुणाच्या अर्जावर आधीच सही केली आहे का? तिसरा प्रश्न संकोचाचा वाटतो. छोट्या गावात एकाच भाऊंना चार उमेदवार सहीसाठी गाठतात आणि त्यांना कुणालाच नाही म्हणवत नाही. तरी विचारा.

अंगठा लावणारे सूचक असतील तर तो अंगठा अधिकाऱ्यासमोर किंवा त्यांनी नेमलेल्या माणसासमोर लावून घ्या.

पक्षाकडून लढत असाल तर

एबी फॉर्म हातात येईपर्यंत तिकीट मिळालं असं समजू नका. 'अ' फॉर्मवर पक्षाने अधिकार दिलेल्या माणसाची नमुना सही असते आणि 'ब' फॉर्मवर तुमचं नाव. दोन्ही मूळ शाईच्या सहीने, शेवटच्या दिवशी तीनच्या आत अधिकाऱ्याकडे पोहोचले पाहिजेत. झेरॉक्स किंवा व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो चालत नाही. पर्यायी उमेदवार म्हणून नाव आहे की मुख्य म्हणून, तेही वाचा. तिकीट मिळेल की नाही याची खात्री नसेल तर अपक्ष म्हणूनही एक अर्ज पूर्ण सूचकांसह भरून ठेवा.

छाननी

या दिवशी घरी बसू नका. तुमच्याबरोबर निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि आणखी एक माणूस येऊ शकतो. तो आणखी एक माणूस शक्यतो वकील असावा. मूळ कागदांची फाइल, यादीच्या प्रमाणित प्रती आणि पावत्या बरोबर घ्या.

कुणी हरकत घेतली तर ती लेखी मागा आणि उत्तरही लेखी द्या. किरकोळ चुकीवरून, म्हणजे अक्षराची चूक किंवा अनुक्रमांकात एखादा आकडा मागेपुढे झाला असेल पण ओळख पटत असेल तर अर्ज उडवू नये असं तत्त्व आहे. ते शांतपणे, आवाज न चढवता सांगा. अर्ज नामंजूर झालाच तर कारणं लिहिलेल्या आदेशाची प्रत तिथल्या तिथे मागा. ही प्रत नसेल तर पुढचा रस्ता बंद होतो.

पुढचा रस्ता म्हणजे जिल्हा न्यायालयात अपील. त्यासाठी फक्त तीन दिवस मिळतात. नागपूर जिल्ह्यातल्यांना सिव्हिल लाइन्समधल्या न्यायमंदिरात यावं लागतं. नरखेडहून किंवा मोवाडहून पहाटे निघावं लागतं, म्हणून वकील आधीच ठरवून ठेवा. हे अपील नुसतं नावापुरतं नाही. २०२५ मध्ये राज्यातल्या ज्या जागांवर अपिलांचे निकाल उशिरा आले, तिथे उमेदवारांना माघारीसाठी कायद्याने द्यायचा वेळ उरला नव्हता, म्हणून आयोगाने तिथलं मतदान २० डिसेंबरला ठेवलं. त्यावरून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्याच ठिकाणची मतमोजणी २१ डिसेंबरला एकत्र घ्यायला सांगितली. एका उमेदवाराच्या तीन दिवसांच्या हक्काची किंमत एवढी मोठी आहे.

माघार आणि चिन्ह

माघार लेखीच होते. उमेदवाराने स्वतः द्यावी किंवा सूचकाला, प्रतिनिधीला लेखी अधिकार द्यावा. एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही. माघारीच्या दिवशी दबाव येतो, नातलग येतात, समाजातले वडीलधारे येऊन बसतात. निर्णय काय घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, पण कोऱ्या कागदावर सही करून कुणाच्या हाती देऊ नका.

अपक्षांनी मुक्त चिन्हांच्या यादीतून पसंतीक्रम द्यायचा असतो. दोघांनी एकच मागितलं तर चिठ्ठी टाकतात. चिन्ह असं निवडा की न वाचता येणाऱ्या आजीला लांबून ओळखू येईल आणि घराघरांत ते नाव सहज उच्चारलं जाईल.

मतपत्रिका आणि मशीन

इथे नवखे उमेदवार सगळ्यात कमी वेळ देतात, आणि मतदाराचा गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो.

मशीनवर लावलेल्या मतपत्रिकेवर आधी राष्ट्रीय पक्षांचे उमेदवार, मग राज्यातले मान्यताप्राप्त पक्ष, मग इतर राज्यांतले मान्यताप्राप्त पक्ष, नंतर नोंदणीकृत पक्ष आणि शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. म्हणून अपक्षाचं नाव खाली असतं. नाव कसं छापलं जावं ते वेळेत लेखी द्या. गावात तुम्हाला ज्या नावाने ओळखतात ते यादीतल्या नावापेक्षा वेगळं असेल तर आधीच विचारून घ्या. शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय, म्हणजे नोटा असतो. राज्य आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की नोटाला सगळ्यात जास्त मतं मिळाली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. आपल्या राज्यातल्या नगरपरिषदांसाठी ही मोठी गोष्ट आहे आणि मतदाराला ती ठाऊक असायला हवी.

दोन सदस्यांच्या प्रभागात मतदाराला तीन मतं द्यायची असतात. एक नगराध्यक्षाला, एक 'अ' जागेला, एक 'ब' जागेला. प्रत्येक पदाची मतपत्रिका वेगळ्या रंगाची असते. नगरपंचायतीत दोन मतं. घरोघरी जाताना हे बोटं मोजून दाखवा. "तीन बटणं, काकू. एक दाबून बाहेर येऊ नका." एका जागेवर कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचा नोटा दाबायचा. सगळी मतं झाली की लांब आवाज येतो, तेव्हाच मत पूर्ण झालं. दोन्ही मतं 'अ' जागेवर देता येत नाहीत, आणि विधानसभेसारखी कागदी पावती दिसणारं यंत्र इथे नसतं. म्हाताऱ्या माणसांना ते शोधताना पाहिलंय, म्हणून आधीच सांगून ठेवा.

नमुना मतपत्रिका छापताना आपलं नाव, चिन्ह आणि क्रमांक दाखवा. पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापलेली हवी. छापखान्याचं बिल खर्चाच्या फाइलमध्ये.

मतदान सकाळी साडेसातला सुरू होतं, साडेपाचला संपतं. तुमचा केंद्र प्रतिनिधी त्याआधीच तिथे हवा, कारण सुरुवातीला चाचणी मतदान घेऊन मशीन शून्यावर आणलेलं दाखवतात. संध्याकाळी किती मतं पडली त्याच्या हिशेबाची प्रत घ्यायला त्याला विसरू देऊ नका. मोजणीच्या टेबलावर तोच आकडा जुळवायचा असतो.

खर्च

२०२५ मध्ये आयोगाने ठरवलेली मर्यादा अशी होती. अ वर्ग नगरपरिषदेत नगराध्यक्षाला १५ लाख आणि सदस्याला ५ लाख, ब वर्गात ११ लाख २५ हजार आणि साडेतीन लाख, क वर्गात साडेसात लाख आणि अडीच लाख, नगरपंचायतीत ६ लाख आणि २ लाख २५ हजार. वर्ग लोकसंख्येवरून ठरतो. एक लाखाच्या वर अ, चाळीस हजारांच्या वर ब, त्याखाली क. कामठी, उमरेड ब वर्गात. रामटेक, मोहपा क वर्गात.

एवढा खर्च केलाच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. ज्या बाईचा प्रभाग पायी फिरून दोन दिवसांत संपतो, तिने कर्ज काढून बॅनर लावू नयेत. हे मी मनापासून सांगते. पण जो खर्च होईल तो रोजच्या रोज लिहा, चहा-नाश्ता, रिक्षा, लाऊडस्पीकर, सगळं. बिलं त्याच दिवशी मागा. मतदानानंतर मंडपवाला फोन उचलत नाही.

निकालाच्या दिवशी आणि नंतर

मतं सारखी पडली तर ईश्वरचिठ्ठी काढतात. नगरपरिषदेच्या प्रभागात दोन-चार मतांनी हारजीत होते, त्यामुळे फेरमोजणी मागायची असेल तर निकाल जाहीर व्हायच्या आधी, लेखी आणि कारण देऊन मागा. निवडणुकीलाच आव्हान द्यायचं तर निकाल राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवसांत जिल्हा न्यायालयात याचिका करावी लागते.

जिंकला असाल किंवा हरला असाल, खर्चाचा पूर्ण हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यावा लागतो. हरलेले उमेदवार हे हमखास विसरतात आणि पुढच्या वेळी अपात्र म्हणून त्यांचं नाव यादीत निघतं. हिशेब दिल्याची पोच घ्या, तिची झेरॉक्स काढा. माझी मामेबहीण आता तिच्या प्रभागाच्या हद्दीवरून पायी फिरते आहे, हातात वही घेऊन. रस्त्याच्या कोणत्या बाजूचं घर कुठल्या प्रभागात, हे ती दाराच्या क्रमांकासकट लिहून ठेवते आहे.